तांबेऱ्याशी झुंजणारा गुलाबवेडा

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी गव्हाचं शेत आहे त्यांना तांबेरा काही वेगळा सांगायला नको. थंडीत गहू हिरवागार डुलत असतो, ओंब्या भरायला लागलेल्या असतात, मध्येच चार दिवस आभाळ येतं, पहाटे दव पडतं आणि पानांवर, काड्यांवर बारीक बारीक फोड दिसू लागतात. त्या शेतातून चालत गेलं की साडीच्या काठाला विटकरी भुकटी लागते. लोखंड गंजावं तसं पीक गंजतं. म्हणून कुणी त्याला तांबेरा म्हणतं, कुणी गेरवा. ही भुकटी म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. इतके हलके, की वाऱ्यावर बसून शेकडो मैल जातात. बुरशी झाडाचं अन्न खाते आणि दाणा भरतच नाही. असा सुरकुतलेला गहू गिरणीत नेला तर पिठापेक्षा कोंडाच जास्त निघतो.

हा रोग आजचा नाही. १८३० च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्यानं लागोपाठ पिकं बुडवली, त्याची हकीकत स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवली आहे. लोकांना कारण कळत नव्हतं. कुणी म्हणे सरकारनं जमीन मोजली म्हणून हे झालं, कुणी म्हणे लोकांची नीती बिघडली म्हणून. संकटाचं कारण कळलं नाही की माणूस दोष कुणाच्या तरी माथी मारतो, हे आपण बायकांना काही नवीन नाही! पुढं १९४६-४७ च्या हंगामात तर मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची अशी साथ आली, की सुमारे २० लाख टन गहू गेला असा अंदाज आहे. देश स्वतंत्र व्हायच्या उंबरठ्यावर होता, रेशनच्या रांगा होत्या, आणि शेतात नुसत्या काड्या उभ्या होत्या.

ही साथ आली तेव्हा दिल्लीत एक चाळिशीतला शास्त्रज्ञ तेरा वर्षं याच रोगाच्या मागं लागलेला होता. त्यांचं नाव डॉ. बेंजामिन पिअरी पाल. शेतकी विद्यापीठांत त्यांचं नाव आदरानं घेतात, पण आपल्या घराघरात ते पोचलेलं नाही. मी कला शाखेची पदवीधर. बुरशी, परागकण असले शब्द शाळा सुटल्यावर कधी लागले नव्हते. पण बचत गटाच्या कामासाठी गावोगाव जाते, तिथं बियाणं राखणाऱ्या बायका भेटतात. त्यांच्या कणगीतल्या गव्हामागं कुणाचे कष्ट आहेत हे शोधत गेले आणि या माणसापाशी येऊन थांबले.

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातल्या मुकंदपूर गावी झाला. वडील डॉक्टर. त्यांची नोकरी ब्रह्मदेशात, म्हणून सगळं कुटुंब तिकडं गेलं. ब्रह्मदेश त्या वेळी इंग्रजांच्याच अमलाखाली होता. मेम्यो या थंड हवेच्या गावी सेंट मायकेल शाळेत ते शिकले. तिथंच त्यांना दोन नाद लागले, एक गुलाबांचा आणि दुसरा चित्रं काढण्याचा. हे दोन्ही नाद जन्मभर सुटले नाहीत. रंगून विद्यापीठातून १९२९ मध्ये ते वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले. विज्ञान शाखेत पहिले आल्याचं बक्षीसही मिळालं. मग शिष्यवृत्ती घेऊन ते केंब्रिजला गेले.

केंब्रिजला जाणं हा त्यांच्या आयुष्यातला योगच म्हणायचा. कारण तिथल्या बिफेन नावाच्या प्राध्यापकांनी १९०५ मध्येच दाखवून दिलं होतं, की गव्हाची तांबेऱ्याला दाद न देण्याची ताकद आईबापांकडून पुढच्या पिढीत उतरते. नाक, डोळे, रंग उतरावा तशी! म्हणजे ताकदवान पण दाण्याला कमी असलेला गहू आणि चांगल्या दाण्याचा पण नाजूक गहू यांची सोयरीक जमवली, तर त्यांच्या नातवंडांत दोन्ही गुण असलेली रोपं सापडू शकतात. सापडू शकतात... सापडतीलच असं नाही. या ‘शकतात’साठीच पाल यांनी पुढची वीस वर्षं दिली.

शिकून आल्यावर १९३३ मध्ये काही महिने त्यांनी ब्रह्मदेशात भाताच्या संशोधनाची नोकरी केली आणि त्याच वर्षी ते बिहारमधल्या पुसा गावच्या शेतकी संशोधन संस्थेत आले. त्यांचं पद होतं सेकंड इकॉनॉमिक बॉटनिस्ट. इथं एक गोष्ट मला मुद्दाम सांगाविशी वाटते. याच पदावर त्यांच्या आधी एक बाई होऊन गेल्या होत्या. गॅब्रिएल हॉवर्ड त्यांचं नाव. त्या स्वतः केंब्रिजच्या शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि पती अल्बर्ट हॉवर्ड यांच्या बरोबरीनं पुशात गव्हावर काम करायच्या. पुसा ४, पुसा १२ हे त्या काळचे नावाजलेले गहू या नवराबायकोनं मिळून तयार केले. पुढं सेंद्रिय शेतीच्या संदर्भात अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव जगभर झालं, गॅब्रिएल यांचं मात्र मागंच राहिलं. त्यांच्या गव्हांचा दाणा सुरेख होता, पण तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यांना पुरून उरेल असा गहू अजून व्हायचा होता. ते काम पाल यांच्या वाट्याला आलं.

तिन्ही प्रकारचे म्हणजे काळा, नारिंगी आणि पिवळा. काळा मुख्यतः काडीवर येतो, नारिंगी पानावर ठिपक्यांसारखा, आणि पिवळा पानावर शिलाई मारल्यासारख्या ओळींत. पिवळ्याला थंडी लागते म्हणून तो उत्तरेत जास्त. आपल्याकडं काळा आणि नारिंगी हे दोघे पाहुणे.

काम सुरू झालं आणि १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. पुशाच्या संस्थेची इमारत मोडकळीला आली. १९३६ मध्ये सगळी संस्था उचलून दिल्लीला नेली. म्हणूनच दिल्लीतल्या त्या भागालाही पुसा म्हणतात. बियाणाची पुडकी, नोंदवह्या, अर्ध्यावर आलेल्या पिढ्या, सगळं घेऊन नव्या मातीत बस्तान बसवायचं... आपलं नुसतं स्वयंपाकघर हलवायचं म्हटलं तरी महिनाभर डबे सापडत नाहीत!

त्याच काळात आग्रा कॉलेजमधले प्रा. करमचंद मेहता एका वेगळ्याच कोड्याच्या मागं होते. उत्तरेतल्या मैदानात उन्हाळ्यात इतकं ऊन तापतं, की तांबेऱ्याचा एकही बीजाणू जगत नाही. गहूही कापून नेलेला असतो. मग दर वर्षी थंडीत हा रोग पुन्हा येतो कुठून? मेहतांनी डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या आणि उत्तर शोधलं. उन्हाळ्यात तांबेरा थंड डोंगरांवर दडून राहतो. वर हिमालयात आणि खाली दक्षिणेत निलगिरी, पळणीच्या डोंगरांत. तिथून तो वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो. काळ्या तांबेऱ्याचं मुख्य माहेर निलगिरीकडचं. पावसाळा संपताना बंगालच्या उपसागरात वादळं होतात, त्या वाऱ्यापावसाबरोबर तो मध्य भारताकडं सरकतो. ती वाट दक्षिणेकडून वर येणारी, म्हणजे महाराष्ट्रही तिच्यावरच आला. आपल्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला आपण जातो, तिथं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे हे कितीजणींना माहीत असेल? थंड हवेमुळं तिथं तांबेऱ्याचा अभ्यास करणं सोपं जातं.

चोर कुठं राहतो हे मेहतांनी सांगितलं, घराला कुलूप घालायचं काम पाल यांचं. ते कसं चालायचं ते थोडक्यात सांगते. गव्हाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात आणि ते आपलं आपणच फळतं. म्हणून दोन वाणांचा संकर करायचा तर आधी एका वाणाच्या ओंबीतलं एकेक फूल उघडून, परागकण सुटायच्या आत, बारीक चिमट्यानं त्यातले परागकोश काढून टाकायचे. मग ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे परागकण आणून त्यावर सोडायचे, चिठ्ठी बांधायची. रांगोळीत एकेक टिपका ठेवावा इतकं नाजूक काम! त्यातून जे मूठभर दाणे मिळतील ते पुढच्या हंगामात पेरायचे. आणि मग उगवलेल्या रोपांवर तांबेरा मुद्दाम सोडायचा. जी रोपं गंजली ती गेली. जी टिकली, त्यांचा दाणा कसा, काडी कशी, पिकायला किती दिवस लागतात हे बघून निवडायची. पुन्हा पेरायची, पुन्हा रोग सोडायचा. अशा आठ-दहा पिढ्या गेल्या की वाण स्थिर होतो. एका पिढीला एक वर्ष धरा, म्हणजे हिशेब कळेल.

त्यात आणखी एक मेख होती. तांबेरा म्हणजे एकच बुरशी नव्हे, तिच्यातही अनेक पोटजाती. एकीला दाद न देणारा गहू दुसरीपुढं मान टाकतो. कुलूप एक आणि चोरांच्या किल्ल्या अनेक. पोटजात कोणती हे ओळखायला अमेरिकेतल्या स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा एक संच ठरवला होता. कोणता गहू गंजतो आणि कोणता नाही यावरून पोटजात कळायची. गंमत म्हणजे त्या बारांमध्ये एकाचं नाव आहे ‘खपली’. होय, आपलाच खपली गहू, सातारा-सांगलीकडं ज्याची खीर करतात तो. काळ्या तांबेऱ्याला तो सहजासहजी बधत नाही, ही त्याची ख्याती तिकडं अमेरिकेपर्यंत पोचली होती. आपल्या आज्या-पणज्यांनी हा गहू पिढ्यान्‌पिढ्या राखला म्हणूनच तो तिथवर गेला ना!

१९४६-४७ ची साथ आली तेव्हा पाल यांचे वाण अजून तयार नव्हते. तेरा वर्षं खपूनही हातात देण्यासारखं काही नाही आणि समोर शेतं जळल्यासारखी दिसतायत, अशा वेळी माणसानं काय करावं? पाल यांनी काम चालू ठेवलं. १९५० मध्ये ते दिल्लीच्या त्या संस्थेचे संचालक झाले. आणि १९५४ मध्ये एन.पी. ८०९ हा वाण बाहेर पडला. काळा, नारिंगी, पिवळा अशा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा आपल्या देशातला हा पहिला गहू. सुरुवातीपासून मोजली तर वीस वर्षं झाली होती.

कुणी विचारेल, एवढी वर्षं घालवण्यापेक्षा औषध का नाही फवारलं? तेव्हा औषधं होती कुठं! गंधकाची भुकटी धुरळता येई, पण पाऊस आला की धुऊन जाई, पुन्हा धुरळायची. एकरच्या एकर गव्हाला हा खर्च लहान शेतकऱ्याला झेपणारा नव्हता. झाडाच्या आत मुरून बुरशी मारणारी औषधं फार पुढं आली. बियाण्यातच संरक्षण असलं तर गरिबातल्या गरीब शेतकऱ्यालाही ते फुकट मिळतं, हा त्यातला खरा विचार. पेरलं की झालं, ना पंप लागतो ना औषध.

औषध नसतानाही काही रोगांवर शहाणपणानं मात करता येते, त्याचंही एक उदाहरण सांगते. गव्हाला काजळी येते, म्हणजे ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. ही बुरशी बियाण्याच्या पोटातच लपलेली असते. पंजाबात लुथ्रा नावाच्या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात एक उपाय दिला. ऐन उन्हाळ्यात सकाळी चार तास बियाणं पाण्यात भिजवायचं आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवायचं. पाण्यानं बुरशी जागी होते आणि उन्हानं मरते. आपण पापड-कुरडया वाळवतो तसंच की! पुढं बियाण्याला चोळायची औषधं निघाली तेव्हा हे मागं पडलं, पण कितीतरी शेतकऱ्यांना त्यानं तारलं.

आता पाल यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट. त्यांचे गहू तांबेऱ्याला भारी होते, पण काडीनं उंच. जास्त खत-पाणी दिलं की ओंबीच्या भारानं लोळायचे. तिकडं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग १९४४ पासून तांबेऱ्याशीच झुंजत होते. त्यांनी तांबेऱ्याला न बधणारे, शिवाय बुटके आणि भक्कम काडीचे गहू तयार केले होते. १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले. त्या वेळी संस्थेचे संचालक पाल. वीस वर्षांची आपली मेहनत बाजूला पडणार हे दिसत असताना, परक्या बियाण्याला आडवं जाणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांनी त्या बियाण्याला संस्थेची जमीन दिली, माणसं दिली, एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारख्या तरुण शास्त्रज्ञांना पाठबळ दिलं. १९६५ मध्ये ते भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले.

१९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा, रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो त्यांना आठवत असेल. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं गेलं. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू झाला होता, तो १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांपर्यंत गेला. जुलै १९६८ मध्ये सरकारनं ‘गहू क्रांती’चं टपाल तिकीट काढलं.

एक अडचण मात्र शेतातली नव्हती, आपल्या पोळपाटावरची होती. त्या मेक्सिकन गव्हाचा दाणा लालसर होता. पोळी तशी पांढरी, मऊ होईना. लोक नाकं मुरडू लागले. मग त्याच बियाण्यांतून आपल्या शास्त्रज्ञांनी पिवळसर, टपोऱ्या दाण्याचे वाण निवडले. कल्याणसोना, सोनालिका, शरबती सोनोरा ही नावं तेव्हाची. बायकांच्या हाताखालची पोळी नीट झाली, तेव्हाच ती क्रांती घरात आली असं मला वाटतं.

पण तांबेरा हार मानणारा नव्हता. कल्याणसोना लाखो एकरांवर पसरला आणि १९७० नंतर थोड्याच वर्षांत त्याच्यावर तांबेरा बसू लागला. बुरशीनं नवी किल्ली घडवली होती. पुढं १९९९ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची अशी पोटजात सापडल्याचं जाहीर झालं, की जगभरच्या कितीतरी गव्हांचं भरवशाचं कुलूप तिनं उघडलं. म्हणून हे काम कधी संपत नाही. रोजच्या भांड्यांसारखं आहे ते, आज घासली म्हणून उद्या सुटका नाही. ठिकठिकाणी वेगवेगळे वाण पेरावेत, जुने बदलत राहावेत, हाच त्यावरचा मार्ग. तांबेऱ्याच्या वाटेवरच्या दक्षिण आणि मध्य भारतात टिकाऊ वाण पसरले, त्याचा फायदा उत्तरेलाही झाला.

एवढ्या व्यापात पाल यांनी गुलाब सोडले नाहीत. चिमटा, पिशवी आणि चिठ्ठी इथंही तीच. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’ असे कितीतरी गुलाब त्यांनी स्वतः तयार केले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचं नाव दिलेला पांढरा गुलाबही त्यांचाच. गुलाबावर त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं, चित्रं काढली. ते अविवाहित होते. १९७२ मध्ये परिषदेतून निवृत्त झाले, त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना सभासद करून घेतलं. १९८७ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १४ सप्टेंबर १९८९ रोजी ते गेले. आपलं घर आणि सारी संपत्ती ते ज्या संस्थेत वाढले तिलाच देऊन गेले.

मैत्रिणींनो, त्यांच्या कामातून आपण उचलावं असं बरंच आहे. बियाणं राखण्याचं काम बहुतेक घरांत बाईकडंच असतं. घरच्याच गव्हाचं बियाणं वर्षानुवर्षं चालवत असाल, तर ते कोणत्या वाणाचं आहे आणि अजून तांबेऱ्याला टिकतं का, हे कृषी सहायकाला जरूर विचारा. निफाडच्या संशोधन केंद्रानं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं आपल्या हवेला मानवणारे वाण दिलेले आहेत. पेरणी फार उशिरा नको, उशिराच्या गव्हाला तांबेरा जास्त गाठतो. फवारणी लागलीच तर रोग दिसताच, सल्ला घेऊन आणि प्रमाणातच करावी. एकच औषध सारखं मारलं तर बुरशी त्यालाही सरावते. ज्वारीला काणी येत असेल तर पेरण्याआधी किलोमागं ४ ग्रॅम बारीक गंधक चोळायची शिफारस जुनी आणि स्वस्त आहे. औषध चोळल्यावर हात साबणानं स्वच्छ धुवा. उरलेलं बियाणं चुकूनही दळणात किंवा कोंबड्यांपुढं टाकू नका.

आणि खपली गहू घरात असेल तर त्याचा थोडा वाफा दर वर्षी लावत जा. खिरीसाठी तर हवाच, पण उद्या तांबेऱ्यानं नवी किल्ली घडवली तर कुणा शास्त्रज्ञाला पुन्हा त्याचीच आठवण येईल.